राणीबाग नीट पाहायची तर: सकाळी झाडं, मग प्राणी, दुपारी संग्रहालय

भायखळ्याच्या राणीबागेत येणारी बहुतेक कुटुंबं फाटकातून शिरतात ती थेट पेंग्विनच्या दिशेनं. तिथं रांग, काचेपुढे जेमतेम पाच मिनिटं, मग वाघ कुठे, बिबट्या कुठे अशी शोधाशोध, आणि दुपारी दीडच्या उन्हात पोरं रडकुंडीला. बाहेर पडताना कुणीतरी म्हणतंच, "एवढं काही नव्हतं हो." हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. कारण ही मंडळी ज्या झाडांखालून धावत गेली, त्यांतली काही मुंबईत दुसरीकडे शोधूनही सहज सापडत नाहीत. आणि ज्या इमारतीकडे पाठ करून त्यांनी टॅक्सी पकडली, ते मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय आहे.

राणीबागेत काय काय आहे याची यादी कुठेही मिळेल. दिवस चांगला जातो की वाया जातो, हे ठरतं ते कोणती गोष्ट कोणत्या वेळी पाहिली यावर. म्हणून इथं सांगतो आहे तो क्रम.

जागेची थोडी ओळख

पश्चिम भारतातल्या शेती-बागायतीसाठी स्थापन झालेल्या संस्थेची पूर्वी शिवडीला बाग होती. ती जमीन ख्रिस्ती दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवी बाग उभी करायचं ठरलं. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या पत्नी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती खुली झाली. नाना शंकरशेट आणि डेव्हिड ससून ही त्या काळच्या मुंबईतली बडी नावं या कामाशी जोडलेली आहेत. व्हिक्टोरिया राणीच्या नावाची बाग म्हणून लोकांनी तिला राणीची बाग, राणीबाग म्हणायला सुरुवात केली. १८७३ पासून ती महापालिकेकडे आहे. प्राणिसंग्रहालय त्यानंतर, १८९० च्या सुमाराचं. म्हणजे प्राणी यायच्या आधी जवळपास तीस वर्षं इथली झाडं वाढत होती.

आजचं अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पाट्यांवर, तिकिटावर, ऑनलाइन बुकिंगवर हेच नाव दिसेल, म्हणून शोधताना ते टाका. टॅक्सीवाल्याला आणि बसच्या कंडक्टरला मात्र 'राणीबाग' पुरे. पन्नासेक एकरांची ही जागा आहे. चालणं भरपूर होतं, पण सगळं सपाटीवर आणि बहुतेक सावलीत.

दिवस कोणता आणि वेळ कोणती

बुधवारी बाग बंद असते आणि संग्रहालयही. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवायची पद्धत आहे. सणासुदीच्या आठवड्यात निघण्याआधी हे तपासून घ्या, कारण गुरुवारी फाटकावरून परत फिरणारे लोक दर वेळी दिसतात.

मंगळवार, गुरुवार किंवा शुक्रवारची सकाळ सर्वांत चांगली. रविवारी आणि दिवाळी-नाताळच्या सुट्टीत गर्दी इतकी असते की पाहण्यापेक्षा पोरांचे हात धरण्यातच वेळ जातो. डिसेंबर-जानेवारीत आठवड्याच्या मधल्या दिवशीही शाळांच्या सहली येतात. त्यांच्या बसगाड्या साधारण साडेदहाच्या पुढे लागायला लागतात, त्यामुळे लवकर आलेल्याला निदान पहिला तास शांत मिळतो.

बाग साडेनऊला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. तिकीट खिडकी त्याच्या बरीच आधी मिटते. साडेनऊला फाटकाशी हजर असणं ही या सबंध लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना समजा. बाकी सगळं पुढेमागे झालं तरी चालेल.

पोहोचायचं कसं

मध्य रेल्वेचं भायखळा स्थानक सोयीचं. बऱ्याच जलद गाड्याही इथं थांबतात. पूर्वेला उतरून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गानं उत्तरेकडे, म्हणजे लालबागच्या दिशेनं चालू लागा. दहा-पंधरा मिनिटांत बाग येते. घाई नसेल तर गाडीतून उतरल्यावर स्थानकाची इमारत जरा निरखून घ्या. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, त्या मार्गावरचं हे स्थानक आहे आणि अलीकडेच त्याचं जुनं रूप जतन करून परत आणलं आहे.

पश्चिम रेल्वेनं येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी हे बरं. महालक्ष्मी किंवा मुंबई सेंट्रलला उतरून टॅक्सी करता येते, पण सकाळच्या वाहतुकीत तो हिशेब बहुधा चुकतो. आंबेडकर मार्गावरून बेस्टच्या भरपूर बस जातात आणि बागेच्या नावाचाच थांबा आहे. स्वतःची गाडी आणायचा मोह आवरा. भायखळ्यात गाडी लावायला जागा शोधणं हे एक वेगळंच काम होऊन बसतं.

फाटक ज्या रस्त्यावर आहे त्याला संत सावता माळी यांचं नाव आहे. बागेच्या दारातल्या रस्त्याला याहून शोभणारं नाव कुठलं असणार!

सोबत काय घ्यावं

पाण्याची भरलेली स्टीलची बाटली, टोपी, पावसाळ्यात छत्री आणि बारा महिने डासांचं मलम. दाट झाडी आणि ओलावा असल्यामुळे डास आहेतच, विशेषतः सकाळी आणि पावसाळ्यात. पायात सवयीच्या चपला किंवा बूट. दुर्बीण असेल तर जरूर आणा, ती प्राण्यांपेक्षा झाडांवरच्या पाखरांसाठी जास्त कामाची. एक वही आणि पेन्सिल. कशाला ते पुढे सांगतो. प्लास्टिकच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं घरीच ठेवा. वाऱ्यानं उडून ती पिंजऱ्यात जातात आणि प्राण्याच्या पोटात गेली तर जिवावर बेततं.

तिकीट

बागेचं तिकीट आणि संग्रहालयाचं तिकीट वेगवेगळं आहे. २०१७ मध्ये ठरलेल्या दरानुसार बागेत मोठ्यांना ५० रुपये, लहान मुलांना २५ आणि आई-वडील व दोन मुलं अशा चौकोनी कुटुंबाला एकत्र १०० रुपये. पेंग्विनसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. दर बदललेत का, हे महापालिकेच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्या. ऑनलाइन तिकीट काढता येतं आणि सुट्टीच्या दिवशी तर काढावंच. खिडकीवरची रांग वाचते.

संग्रहालय फाटकाजवळच, बागेच्या तिकीट-तपासणीच्या अलीकडे आहे. एकदा बागेतून बाहेर पडलात की पुन्हा आत शिरायला मिळेलच असं धरून चालू नका. म्हणूनच क्रम असा ठेवा: आधी बाग पूर्ण करायची, मग बाहेर येऊन संग्रहालय. दुपारचं ऊन चढतं तेव्हा डोक्यावर छप्पर येतं, हा दुहेरी फायदा.

पहिला दीड तास झाडांचा

आत गेल्यावर पाय आपोआप गर्दीबरोबर वळतात, ते वळू देऊ नका. महापालिकेच्या नोंदीनुसार या बागेत तीन हजारांहून जास्त झाडं आणि त्यांच्या २८६ जाती आहेत. सगळी पाहणं शक्य नाही आणि गरजही नाही. सहा-सात झाडं ठरवून जा आणि ती शोधा. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. सापडलं नाही तर काम करणाऱ्या माळीकाकांना विचारा. "काका, कैलासपती कुठल्या बाजूला?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा ते हातातलं झारी-फावडं ठेवून दाखवायला येतात आणि सध्या कुठलं झाड फुललंय तेही सांगतात. ही माहिती कुठल्याच नकाशात नसते.

सुरुवात कैलासपतीपासून करा. दक्षिण अमेरिकेतलं झाड. फुलं फांदीच्या टोकाला न येता थेट खोडातून निघालेल्या गाठाळ डहाळ्यांवर येतात. खोडाला बुंध्यापासून वरपर्यंत फुलांचा झुपका चिकटवल्यासारखं वाटतं. एखादं खाली पडलेलं ताजं फूल उचला आणि डोळ्यांजवळ धरा. सहा जाड, मांसल पाकळ्या, बाहेरून पिवळट आणि आतून गुलाबी-तांबूस. मधोमध पुंकेसरांची बारीक गादी, आणि तिच्या एका कडेतून निघून वर वाकलेला फण्यासारखा पडदा, त्यालाही शेकडो केसर. त्या फण्याखाली बोटाच्या टोकाएवढा गोल अंडाशय. शिवलिंगावर नागाचा फणा लोकांना यात का दिसला, ते सांगावं लागत नाही. वास घ्यायचा तर सकाळीच, दुपारपर्यंत तो उतरतो. आणि एक सावधगिरी: याची फळं तोफगोळ्याच्या आकाराची आणि वजनदार असतात. लगडलेल्या फळांच्या बरोबर खाली मुलांना उभं करून फोटो काढू नका.

मग गोरखचिंच. आफ्रिकेतून आलेलं, प्रचंड घेराच्या खोडाचं झाड. त्या खोडात पाणी साठवलेलं असतं, कोरड्या देशात तगून राहायची ही त्याची रीत. मुंबईत पाऊस धो-धो पडला तरी ते आपली सवय सोडत नाही. हिवाळ्यात पानं झाडून टाकतं आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा हिरवं होतं. फुलं मोठी, पांढरी, लांब देठाला उलटी लोंबणारी. ती रात्री उमलतात आणि त्यांचं परागीभवन वटवाघळं करतात. जून-जुलैच्या सकाळी झाडाखाली सुकलेली, तपकिरी पडत चाललेली फुलं सापडतील. आता मान वर करून आजूबाजूच्या उंच झाडांकडे पाहा. काळ्या पिशव्या टांगल्यासारखी जी दिसतात, ती फळं खाणारी मोठी वटवाघळं. कुठल्याही पिंजऱ्यात नसलेली, स्वतःच्या मर्जीनं इथं राहणारी. मला विचाराल तर राणीबागेतला सर्वांत सुंदर प्राणी हाच.

कृष्णवड शोधाल तेव्हा पान नीट पाहा. देठाजवळ पानाची कड दुमडून छोटा द्रोण तयार झालेला असतो. कृष्णानं चोरलेलं लोणी त्यात लपवलं, ही गोष्ट मुलांना तिथंच सांगा. आपल्या नेहमीच्या वडाचाच हा वेगळा प्रकार; दोन्ही पानं शेजारी धरली की फरक कळतो.

उर्वशी हे ब्रह्मदेशातलं झाड, भारतात फार कमी ठिकाणी आहे. हिवाळ्याच्या उत्तरार्धात फुललेलं सापडलं तर दिवस सार्थकी लागला असं खुशाल समजा. लांब दांड्यांवर लोंबणारे लाल फुलोरे आणि पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. फुलं नसतील तर कोवळी पालवी पाहा. ती तांबूस-तपकिरी, मलूल झाल्यासारखी खाली लटकते आणि मग हळूहळू हिरवी होऊन ताठ होते. सीता अशोकाची पालवीही अशीच लोंबते. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच्या जुन्या फांद्यांवर केशरी-लाल गुच्छ येतात. आपण इमारतींच्या कडेला जे उंच, सरळसोट 'अशोक' लावतो ते वेगळं झाड, आणि रामायणातल्या अशोकाशी त्याचं नातं नाही. हे मुलांना इथं प्रत्यक्ष दाखवता येतं.

याशिवाय लांबलचक जाड फळं दोरीला टांगल्यासारखी लटकणारा ब्रह्मदंड, मेणबत्तीसारखी पिवळी फळं खोडावर येणारं मेणबत्तीचं झाड, निळ्या फळांचा रुद्राक्ष आणि पावसाळा संपताना केशरी तुरे काढणारं मादागास्करचं कोल्व्हिलिया. यातलं जे भेटेल ते भेटेल.

वही-पेन्सिल आता काढा. कागद खोडावर ठेवून पेन्सिलीच्या शिशानं हलके घासलं की सालीचा ठसा उमटतो. पाच झाडांचे पाच ठसे आणि खाली नावं. पाचवी-सहावीतल्या मुलांना हे करताना कंटाळा येताना मी पाहिलेला नाही, आणि कुठलंही पान तोडावं लागत नाही.

पाखरांसाठी कान उघडे ठेवा. तांबट, कोकीळ, हळद्या, पोपट सहज दिसतात, नशीब असेल तर राखी धनेशही. घारी तर डोक्यावर सतत असतातच.

ही झाडं आज उभी आहेत यात सामान्य मुंबईकरांचाही वाटा आहे. २००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करून आंतरराष्ट्रीय धर्तीचं प्राणिसंग्रहालय करायची मोठी योजना आली, तेव्हा वनस्पती उद्यानाचं काय होणार या काळजीनं झाडांवर प्रेम करणाऱ्या नागरिकांनी, त्यांत बऱ्याच स्त्रिया, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. एकेक झाड मोजलं, नोंदलं, लोकांना झाडं दाखवायला फेऱ्या काढल्या. त्यांच्याविषयी मला अतिशय आदर आहे.

वाटेतल्या वास्तू

झाडं पाहता पाहता बागेतला जुना काचघरासारखा मंडप लागतो, लेडी फ्रियर यांच्या नावाचा. ग्रीक देवळाच्या धर्तीवरचे खांब आहेत त्याला. डेव्हिड ससून यांच्या नावाचा मनोराही पाहा, १८६० च्या दशकातला, घड्याळ असलेला. आणि आपण ज्या तीन कमानींच्या प्रवेशद्वारातून आलो, त्याची घडण रोममधल्या टायटसच्या कमानीवरून घेतली आहे. इथं जास्त वेळ लागत नाही. पण फोटो काढायचे तर या तीन जागी काढा.

साधारण अकरा वाजता प्राण्यांकडे

रविवारी आलात तर एक अपवाद करा: आत शिरताच आधी पेंग्विन उरका, कारण अकरानंतर ती रांग आवरत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी ही घाई नको.

हे हम्बोल्ट पेंग्विन. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना पाहायला मिळू लागले. त्यांचा मूळ मुलूख पेरू आणि चिलीचा किनारा. तिथं बर्फ नसतं, पण किनाऱ्यालगत थंड सागरी प्रवाह वाहतो. म्हणून काचेपलीकडे १६ ते १८ अंश तापमान राखतात. गेल्या काही वर्षांत इथं पिल्लंही झाली आहेत. आत गेल्यावर गर्दी पुढे ढकलत असते, तेव्हा वरच्या खडकांकडे पाहण्यात वेळ घालवू नका. नजर सरळ पाण्यात ठेवा. जमिनीवर डुलत चालणारा हा पक्षी पाण्यात शिरला की पंखांनी अक्षरशः उडतो. तेवढं एक दृश्य मिळालं तरी पुष्कळ. काचेवर हात आपटू नका आणि फ्लॅश बंद ठेवा.

पक्ष्यांसाठी जाळीचं जे मोठं दालन आहे, त्यात आपणच आत चालत जातो. २०२० मध्ये ते खुलं झालं. इथं घाई केली तर काहीच दिसत नाही. एका जागी पाच मिनिटं गप्प उभे राहा, पक्षी स्वतःहून जवळ येतात. पाणपक्ष्यांची पिसं सावरण्याची, चोचीनं तेल लावून घेण्याची लगबग इथं अगदी हातभर अंतरावरून दिसते.

वाघ, बिबट्या, अस्वल यांच्याबाबत मनाची तयारी ठेवा. दुपारी ते झोपतात, आणि झोपू द्यावं. वाघाच्या आवारासमोर लोक शिट्या मारतात, हाका घालतात. ते तुमच्याबरोबरच्या कुणी करू लागलं तर तिथल्या तिथं थांबवा. सकाळी दहाच्या आत किंवा दुपारी चारनंतर तो हालचाल करताना दिसण्याची शक्यता जास्त. पाणघोडा मात्र दुपारीही बरा दिसतो, नाक आणि कान पाण्यावर ठेवून. चितळ आणि बारशिंगा सावलीत रवंथ करत असतात. मुलांना बारशिंग्याच्या शिंगांचे फाटे मोजायला लावा.

खायला घालणं पूर्णपणे बंद. शेंगदाणा, पाव, केळं, काही नाही. माकडांपुढे हातातलं खाणं काढूच नका.

साडेबाराच्या आसपास भूक लागते. आत खाण्याची साधी सोय आहे. मी तरी तिथं मुलांचं भागवून घ्यावं आणि पोटभर जेवण शेवटी बाहेर करावं, असं सुचवेन.

दुपार : डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय

आता बाहेर या आणि संग्रहालयाचं तिकीट काढा. सहा वाजता ते बंद होतं. हातात दीड तास तरी ठेवा.

ज्यांच्या नावाचं हे संग्रहालय, ते भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी एक, कुष्ठरोगावर औषध शोधणारे, शिलालेख आणि नाण्यांचे जाणकार, आणि १८६९ व १८७१ असे दोनदा मुंबईचे शेरीफ. हे संग्रहालय उभं राहावं म्हणून त्यांनी आणि नाना शंकरशेटांनी शहरातून पैसा उभा केला. जॉर्ज बर्डवुड हे इंग्रज डॉक्टर त्यांच्या बरोबरीनं झटले. २ मे १८७२ रोजी ते 'व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियम' या नावानं उघडलं. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. मधल्या काळात इमारतीची फार दुर्दशा झाली होती. महापालिका, जुन्या वास्तू जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला, २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या जानेवारीत दारं पुन्हा उघडली. नंतर पुन्हा काही वर्षं ते दुरुस्तीसाठी बंद होतं. २०२५ च्या सुरुवातीपासून लोकांना परत पाहता येतं.

दारातून आत आल्यावर वस्तूंकडे लगेच वळू नका. मध्यभागी उभे राहून आधी वर, मग खाली पाहा. इंग्लंडहून आणलेले ओतीव लोखंडाचे खांब आणि कठडे, सोनेरी मुलाम्याची नक्षी, हिरवट छत, पायाखाली मिंटन या इंग्रज कंपनीच्या नक्षीदार फरश्या. समोर राजपुत्र आल्बर्टचा संगमरवरी पुतळा आहे, डेव्हिड ससून यांनी दिलेला. ससून बगदादी यहुदी. पुतळ्याच्या बैठकीवर हिब्रू लिपीतला मजकूर सापडतो का, ते मुलांना शोधायला सांगा.

तळमजल्यावर हस्तिदंत, चांदी, बिदरी, लाख, तांबं-पितळ यांतली कारागिरी आहे. त्यातली मातीची भांडी बारकाईनं पाहा. जे. जे. स्कूल ऑफ आर्टशी जोडलेल्या कुंभारकामाची ही परंपरा आहे, आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी मुंबईत बनलेल्या त्या भांड्यांवर दिसते.

खरा मुक्काम वरच्या मजल्यावर. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईतली माणसं इथं मातीच्या छोट्या मूर्तींत भेटतात: वेगवेगळ्या जातीजमातींचे लोक, त्यांचे धंदे, पेहराव. पगड्यांच्या कपाटापुढे थांबाच. ओळीनं मांडलेली डोकी, प्रत्येकाची पगडी निराळी. कुणाची चक्रीदार, कुणाची चोचीची, कुणाची घट्ट गुंडाळलेली, कुणाची उंच टोपीसारखी. त्या काळी समोरचा माणूस कोण, कुठला, काय करतो, हे डोक्यावरून वाचता येत असे. घरात आजोबा-पणजोबांचा पगडी घातलेला फोटो असेल तर मोबाइलमध्ये घेऊन या आणि इथं ताडून पाहा. घरच्या इतिहासाची चर्चा अशी सुरू होते की मागून येणारे लोकही थांबून ऐकतात.

शहराचे जुने नकाशे, गलबतांच्या प्रतिकृती आणि पारशांच्या दोखम्याचा, म्हणजे मृतदेह ठेवायच्या मनोऱ्याचा, नमुनाही वरच आहे. नकाशापुढे एक खेळ खेळा: आपण सकाळी ज्या भायखळ्यातून चालत आलो, ते नकाशात शोधायचं, आणि मग त्याच्या भोवती तेव्हा शेतं किती आणि पाणी किती होतं ते पाहायचं.

वर जायला जिना चढावा लागतो. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खिडकीवर आधी सोयीची चौकशी करावी, नाहीतर तळमजलाच निवांत पाहावा.

हत्ती आणि घोडा चुकवू नका

संग्रहालयाच्या आवारात बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा हत्ती. बेटावर उतरताना पोर्तुगिजांना तो दिसला आणि त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, उचलताना कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथं आणले आणि पन्नासेक वर्षांनी, १९१४ च्या सुमारास, जोडून पुन्हा उभे केले. जवळ जाऊन सांधे पाहा. त्याच्या पाठीवर पूर्वी एका लहान प्राण्याची आकृती होती असं जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलं आहे; पाठीकडे नजर टाकताना ते आठवा.

शहरातल्या जाहीर जागांवरून उतरवलेले ब्रिटिश काळातले पुतळेही इथं आहेत. त्यांतला ओळखीचा म्हणजे घोड्यावरचा सातवा एडवर्ड. फोर्टातल्या काळा घोडा भागाला ज्याच्यामुळे नाव पडलं, तोच हा घोडा, १९६५ मध्ये इथं आला. फोर्टात आज जो आहे तो २०१७ साली बसवलेला, स्वार नसलेला नवा घोडा.

कोणत्या ऋतूत काय

फुलांसाठी फेब्रुवारी आणि मार्च. सीता अशोक, पळस, काटेसावर याच काळात. बहावा आणि ताम्हण पाहायचे तर एप्रिलचा शेवट आणि मे, पण तेव्हा साडेअकराला सावलीत शिरायची तयारी ठेवा. पावसाळ्यात हिरवाई आणि शांतता मिळते; मात्र वादळी वाऱ्याच्या दिवशी मोठ्या झाडांखाली जाऊच नये.

जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला महापालिका इथं फुलं, फळं आणि भाज्यांचं प्रदर्शन भरवते. फुलांपासून मोठमोठ्या आकृत्या बनवतात आणि गर्दी त्यांच्याभोवतीच असते. ज्यांच्या घरी चार कुंड्या आहेत त्यांनी मात्र कुंडीत वाढवलेल्या भाज्या आणि फळझाडांच्या मांडवात वेळ काढावा; तिथले माळी खत, माती, छाटणी याबद्दल मोकळेपणानं सांगतात. शनिवार-रविवार टाळा आणि उघडल्या उघडल्या जा.

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर

पाच वर्षांखालचं मूल असेल तर एका दिवसात सगळं करायचा हट्ट सोडा. चार झाडं, पेंग्विन, पक्षी, बस्स. संग्रहालय पुढच्या खेपेला. बाबागाडी सहज चालते. गर्दीच्या दिवशी मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठे थांबायचं ती जागा आधीच दाखवून ठेवा. घड्याळाचा मनोरा त्यासाठी चांगला, लांबून दिसतो.

आजी-आजोबांसाठी झाडांखाली जागोजागी बाकं आहेत. सगळ्यांनी सगळीकडे जायलाच हवं असं नाही. प्राण्यांची फेरी होईपर्यंत त्यांना सावलीत बसू द्या. पूर्वी गिरणगावात राहिलेले कुणी असतील तर त्यांच्याकडे राणीबागेच्या आठवणी असणारच, त्या ऐकायला सवड ठेवा.

बाहेर पडल्यावर

चार-साडेचारला बाहेर आलात तर दोन वाटा. भायखळा स्थानकाच्या दिशेनं गेलात तर इराण्याचा चहा आणि ब्रून-मस्का. उत्तरेला लालबागकडे वळलात तर मालवणी खानावळी, चिवडा गल्लीतला ताजा चिवडा आणि मिरची गल्लीत दळलेले मसाले. घरचा मसाला संपत आला असेल तर याच फेरीत उरकून टाका. लालबागहून परतीला करी रोड किंवा चिंचपोकळी स्थानक जवळ पडतं. तिथं जलद गाड्या थांबत नाहीत, म्हणून लांब जाणाऱ्यांनी धीमी पकडून दादरला बदलावी, आणि संध्याकाळचे साडेपाच वाजायच्या आत गाडीत बसावं.